अर्जंट भाड्याच्या भरवशावर पिकअप घ्यावी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

चाकण औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात नऊ वर्षे काम करणारे, चौतीस वर्षांचे एक वाचक लिहितात : "हातात एकतीस हजार रुपये पगार येतो. आमच्याकडून आठवड्यातून तीन-चार वेळा तरी वाळूज, नाशिक किंवा कोल्हापूरला तातडीची गाडी काढावी लागते आणि तिला नेहमीच्या भाड्याच्या दीडपट-दुप्पट पैसे मोजले जातात. ते बुकिंग मीच करतो, त्यामुळे या धंद्यात पैसा आहे हे मला डोळ्यांनी दिसते. अमेरिकेत एकेकटी माणसे पिकअप घेऊन अशीच मालवाहतूक करतात, त्याला 'हॉटशॉट' म्हणतात. त्याचे व्हिडिओही मी पुष्कळ पाहिले आहेत. साडेदहा लाखांची पिकअप घ्यायची, अडीच लाख भरून बाकीचे कर्ज काढायचे, नोकरी सोडायची आणि गाडी स्वतः चालवायची, असा विचार आहे. शिल्लक चार लाख आहे. आमच्या साहेबांनी काम देण्याचा शब्द दिला आहे. वडिलांचा पाठिंबा आहे. पत्नीचा मात्र विरोध आहे, तिला रात्री-अपरात्रीच्या फेऱ्यांची धास्ती वाटते. पण दुसऱ्याची चाकरी तरी किती दिवस करायची? निर्णय कसा घ्यावा?"

सप्रेम नमस्कार.

आधी गाडी घेऊन मग काम शोधत फिरणारे पुष्कळ असतात. तुम्ही काम पाहून गाडीचा विचार करत आहात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. गेट पास, ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती), डेबिट नोट (बिलातून कापलेल्या रकमेची नोंद) यांतले काहीही तुम्हाला नव्याने शिकायचे नाही, आणि समोरच्या कारखान्याची लाइन थांबायची वेळ आली की फोनवर फोन कसे येतात हेही तुम्ही अनुभवलेले आहे. तरीही एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा धंदा तुम्ही आजवर माल चढवणाऱ्याच्या बाजूने पाहिला आहे. तुमच्या गेटमधून गाडी बाहेर पडली की तुमचे काम संपते, आणि गाडीवाल्याचे तिथून पुढे सुरू होते.

लाइन खरोखरच थांबलेली असेल तर माल कोणत्याही वेळी उतरवून घेतात. पण अर्जंट म्हणून निघालेल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीसाठी असतात. अशी गाडी रात्री दोन वाजता वाळूजला पोहोचली की सुरक्षारक्षक ती बाजूला लावायला सांगतो, कारण स्टोअरचा माणूस सकाळी येणार असतो. सकाळी गेटवर सेफ्टी शूज आणि हेल्मेट आहे का, चाकाखाली लावायचे ठोकळे आहेत का, हे पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. माल उतरून पोचेवर सही-शिक्का मिळेपर्यंत दहा-अकरा वाजतात, आणि मग परत निघताना डाल्यात (गाडीच्या माल भरायच्या मागच्या भागात) एकतर काहीच नसते, नाहीतर तुमच्याच कंपनीचे रिकामे ट्रे असतात, ज्यांचे वेगळे भाडे कोणी धरलेले नसते. तुम्हाला दिसणारे दुप्पट भाडे हे बहुतेक वेळा या रिकाम्या परतीचे आणि या खोळंब्याचे पैसे असतात. म्हणून तुम्ही गृहीत धरलेल्या पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे "पैसा डोळ्यांनी दिसतो" या वाक्याकडे, आपण आकडे घेऊनच पाहू.

पुढचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या मार्गावरचे खरे आकडे तुम्ही त्यांच्या जागी घालावेत. आठ लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे १७,४०० रुपये येतो. विमा, पासिंग, पीयूसी आणि किरकोळ कागदपत्रांसाठी महिन्याला ४,००० रुपये बाजूला ठेवा. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याला २१,४०० रुपये जाणार. डिझेल ९० रुपये लिटर आणि भरल्या-रिकाम्या गाडीची सरासरी लिटरला १३ किलोमीटर धरली तर किलोमीटरमागे सात रुपये डिझेलचे होतात. टायर, ऑइल, क्लच, ब्रेक यांसाठी अडीच रुपये धरा. चाकण ते वाळूज जाऊन-येऊन सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे ३,८०० रुपये. टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), जेवण, पार्किंग यांचे ७०० धरू. भाडे ८,००० मिळाले तर हातात ३,५०० उरतात. तेच काम एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्यामार्फत आले आणि त्याने दहा टक्के कमिशन कापले तर २,७०० उरतात.

आता तुमचा आजचा पगार आणि गाडीचा ठरलेला खर्च एकत्र करा : ३१,००० अधिक २१,४००, म्हणजे ५२,४००. नोकरीत मिळते तेवढेच घरी आणण्यासाठी थेट ग्राहकाच्या अशा पंधरा फेऱ्या, किंवा कमिशनवरच्या जवळजवळ वीस फेऱ्या महिन्याला लागतात. तुमच्या कंपनीतून आठवड्याला तीन-चार अर्जंट गाड्या निघतात असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे महिन्याला चौदा-पंधरा. याचा अर्थ असा की कंपनीची एकूण एक अर्जंट गाडी तुम्हालाच मिळाली, त्यातली एकही दुसरी फेरी सुरू असताना आली नाही, गाडी एकदाही गॅरेजला लागली नाही आणि तुम्ही एकदाही आजारी पडला नाहीत, तरी तुम्ही जेमतेम आजच्या पगारापाशी येता. त्यातही अर्जंट काम ठरलेल्या अंतराने येत नाही. महिनाअखेरीस एकाच संध्याकाळी तीन गाड्या लागतात आणि पुढचे आठ दिवस फोन वाजत नाही. एका गाडीच्या मालकाला त्या तीनपैकी एकच फेरी मिळते, आणि आठ दिवसांची शांतता मात्र पूर्णच्या पूर्ण त्याच्या वाट्याला येते.

यावरून धंदा करू नये असे मी म्हणत नाही. मला दिसते ते असे, की एका गाडीच्या धंद्याचा पाया अर्जंट भाड्यावर उभा राहत नाही. तो रोजच्या बांधलेल्या कामावर उभा राहतो, आणि अर्जंट भाडे ही त्यावरची वरकमाई असते. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात लहान-मोठे असंख्य जॉबवर्कवाले (दुसऱ्या कारखान्यांसाठी ठरावीक काम करून देणारे) आहेत. कोणाचा माल प्लेटिंगला जातो, कोणाचा हीट ट्रीटमेंटला, कोणाचा पावडर कोटिंगला. तो दिवसातून एकदा नेऊन संध्याकाळी आणावा लागतो. फेरी चाळीस-पन्नास किलोमीटरची, भाडे कमी, पण दोन्ही बाजूंना माल असतो आणि महिन्याचा आकडा आधी कळतो. अशा दोन-तीन ग्राहकांमधून हप्ता आणि विमा निघत असेल, तर रात्रीची वाळूजची फेरी स्वीकारताना आणि नाकारतानाही तुमचा हात मोकळा राहील. जो गाडीवाला हप्त्याच्या तारखेकडे पाहून भाडे घेतो, त्याची अडचण समोरच्याच्या चटकन लक्षात येते आणि दर तिथेच पडतो. तुम्ही स्वतः दर ठरवण्याच्या टेबलाच्या पलीकडे बसलेले आहात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तुमचे दुसरे गृहीतक साहेबांच्या शब्दाचे आहे. ते प्रामाणिक असतील, त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण खरेदी किंवा लॉजिस्टिक्स विभागाचे माणूस बदलते, बदली होते, वरून "यापुढे तीन कोटेशन घ्या" असे पत्रक येते. तेव्हा शब्दाऐवजी लेखी दरपत्रक मागा. वेंडर म्हणून नोंदणी होईल का, कोणत्या मार्गाला किती दर, गेटवर किती तासांनंतर थांबण्याचे पैसे, रिकामे ट्रे परत आणायचे भाडे किती, बिल किती दिवसांत निघणार, एवढे एका पानावर मावते. साहेब ते पान द्यायला तयार असतील तर त्यांच्या शब्दाला वजन आहे. नसतील तर काम मिळणारच नाही असे नव्हे, पण त्या शब्दावर आठ लाखांचे कर्ज काढू नये. आणखी एक नाजूक मुद्दा आहे. तुम्ही डिस्पॅचमध्ये असताना तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावरची गाडी तुमच्याच कंपनीत लावू नका. नोकरीच्या अटींमध्ये ते बसत नाही, आणि उद्या चौकशी झाली तर नऊ वर्षांचे नाव खराब होईल. ज्यांच्याकडून पुढे काम हवे आहे त्यांच्याकडून बाहेर पडताना निरोप स्वच्छ असावा.

आता हॉटशॉटविषयी. ते व्हिडिओ पाहून उत्साह येणे साहजिक आहे, परंतु तिथली चौकट निराळी आहे. टेक्सासमधील तेलविहिरींच्या भागात वाढलेला तो धंदा मोठ्या क्षमतेच्या पिकअपला लांब उघडा ट्रेलर जोडून केला जातो. मालाच्या जाहिराती ज्यावर लागतात असे लोड बोर्ड सर्वांना वर्गणी भरून पाहता येतात. मालाचा दलाल तिथे केंद्रीय नोंदणीशिवाय काम करू शकत नाही आणि त्याला ७५,००० डॉलरचा हमीचा बाँड ठेवावा लागतो. बिल विकून एक-दोन दिवसांत पैसे देणाऱ्या कंपन्याही आहेत. त्याचबरोबर राज्याबाहेर भाड्याने माल नेणाऱ्या, १०,००१ पौंड किंवा अधिक क्षमतेच्या गाडीला किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा सक्तीचा असतो आणि त्याचा हप्ता नवख्या माणसाला फार जड जातो. व्हिडिओत कमाईचा आकडा मोठ्या अक्षरांत येतो, विम्याच्या हप्त्याचा आकडा तसा येत नाही. तुम्हाला त्यातून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. तिथले जुने लोक प्रत्येक फेरीचा दर भरलेल्या मैलांवर न मोजता रिकाम्या मैलांसकट मोजतात. तुम्हीही दर सांगताना ४०० किलोमीटर धरा, दोनशे नव्हे.

पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती चार लाखांची. अडीच लाख गाडीला गेले की दीड लाख उरतात, आणि त्यातच बॉडीचे काम, ताडपत्री, रस्से, नोंदणीचे किरकोळ खर्च भागवायचे. नोकरीत पगार एक तारखेला येतो. गाडीवाल्याचे बिल पोच जमा झाल्यावर, पडताळणी होऊन, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी निघते. डिझेल मात्र रोख लागते. पंधरा फेऱ्यांचे डिझेल आणि वाटखर्च मिळून साडेबावन्न हजार, हप्ता साडेसतरा हजार आणि घरखर्च पंचवीस हजार धरला तर महिन्याला पंच्याण्णव हजार खिशातून जातात. पहिले बिल हाती येईपर्यंत दोन महिने गेले तर एक लाख नव्वद हजार लागतील. म्हणजे धंदा उत्तम चालत असतानाच, काम भरपूर असतानाच, तिसऱ्या महिन्यात तुमचा हप्ता थकू शकतो. एका गाडीचे धंदे मोडतात ते बरेचदा इथे मोडतात, आणि माणूस मात्र "काम नव्हते" अशी स्वतःची समजूत घालतो.

यावर उपाय आहेत. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी) ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती गाडीच्या आधी करा. सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे, असा २००६ च्या कायद्याचा दंडक आहे, उशीर झाल्यास व्याजही आहे; आणि एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्या कंपनीला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायद्याचा धाक दाखवून ग्राहक टिकत नाहीत हे खरे, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभाग ते बिल जरा वर ठेवतो. दुसरे म्हणजे, सगळे ग्राहक उधारीचे ठेवू नका. लहान जॉबवर्कवाला भाडे कमी देतो, पण आठवड्याच्या आठवड्याला देतो. आणि अर्जंट फेरीसाठी निघण्यापूर्वी डिझेलपुरता ॲडव्हान्स मागायला संकोच करू नका. ज्याला माल आज रात्रीच हवा आहे तो ॲडव्हान्स देतो.

तुमच्या पत्नीच्या विरोधाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पत्रात तुम्ही तो एका वाक्यात उरकला आहे. तुम्ही त्याला धास्ती म्हणता. मला तो या सगळ्यातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. अर्जंट गाडी बहुधा संध्याकाळी लागते, कारण दिवसभर माल बनत असतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री आठला माल भरून, तळेगाव चौकातली किंवा आंबेठाण चौकातली कोंडी पार करून, शिक्रापूरमार्गे अहिल्यानगरच्या रस्त्याला लागतो आणि पहाटे दोनला वीस तासांचा जागा असतो. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल तर ती दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. पगारी चालकाला निदान "आज जमणार नाही" असे मालकाला सांगता येते; मालक स्वतःच चालक असला की नाही म्हणायला कोणी उरत नाही. त्यामुळे गाडी घेण्याआधी दोघांनी बसून नियम ठरवा. दिवसभर गाडी चालवली असेल तर रात्रीची फेरी घ्यायची नाही. लांबची रात्रीची फेरी असेल तर सोबत दुसरा परवानाधारक चालक, आणि त्याचे पैसे भाड्यात आधीच धरलेले. आठवड्यातली एक रात्र फोन बंद. हे नियम पाळून वरचा हिशेब पुन्हा मांडा. जुळला तर पत्नीचा विरोध कदाचित उरणारही नाही. जुळला नाही, तर धंदा झोपेतून पैसे काढून चालणार होता हे आधीच कळेल. फेऱ्यांची आणि पैशांची वही त्यांनी ठेवावी, असेही सुचवतो. घरातल्या दोघांना आकडे सारखेच माहीत असले की वाद कमी होतात.

कागदपत्रांबाबत भरपूर गैरसमज असतात, म्हणून मोजके सांगतो. गाडीची निवड करताना नोंदणी पुस्तकातले एकूण वजन पाहा : ३,००० किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही, त्याच्या वर लागते. हलक्या वाहनाचा तुमचा परवाना असेल तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला आहे. नव्या गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. विम्यात मालक-चालकाचे पंधरा लाखांचे अपघात संरक्षण आणि पगारी चालकाच्या दायित्वाची जोड आहे का ते पाहा. ही जोड अगदी थोड्या पैशांत मिळते आणि एजंट बऱ्याचदा सांगत नाही. गाडीचा विमा डाल्यातल्या मालाला लागू होत नाही, म्हणून मालाचा विमा कंपनीचा आहे की नाही हे पहिल्या फेरीआधी लेखी विचारा. ई-वे बिल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवर लागते. घाईच्या फेरीत त्यावर जुन्याच गाडीचा क्रमांक राहून जातो, आणि मग अडकते ती गाडी तुमची. कंपनीला पॅन आणि "दहा किंवा कमी गाड्या आहेत" असे घोषणापत्र दिले की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) देणार की नुसती गाडी भाड्याने लावणार, यावर जीएसटीचे स्वरूप बदलते. पहिले बिल काढण्यापूर्वी कर सल्लागाराची एक भेट घ्या.

वजनाबद्दल मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. कोल्हापूरकडच्या, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या, फाउंड्रीचे कास्टिंग पाहा : दोन पॅलेट ठेवले तरी डाला अर्धा रिकामा दिसतो, आणि गाडी तेवढ्यातच मर्यादेपलीकडे गेलेली असते. "अजून एक पॅलेट टाका, जागा आहे" असे लोडिंगवरचा माणूस सहज म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, जादा माल उतरवायचा खर्च वेगळा, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला हेच कारण आडवे येते. एका चुकीच्या पॅलेटमध्ये सहा फेऱ्यांची शिल्लक जाते. म्हणून मालाचे वजन चलनावर लिहून घेतल्याशिवाय डाल्याची फळी लावू नका.

मग करावे काय? आत्ता नोकरी सोडून नवी गाडी घेणे मला योग्य वाटत नाही. नोकरी ठेवून गाडीवर चालक बसवणे हा वडीलधाऱ्यांचा आवडता सल्ला असतो, पण अठरा हजार पगार आणि फेरीचा चारशे रुपये भत्ता धरला तर थेट ग्राहकाच्या तेरा फेऱ्या नुसत्या बरोबरीत येण्यासाठी लागतात, आणि दिवसभर तुम्ही कारखान्यात असताना गाडी कुठे उभी आहे हे पाहायला कोणी नसते. मला तिसरा मार्ग बरा वाटतो : पुढचे चार-सहा महिने धंदा करा, गाडी मात्र घेऊ नका. सुटीच्या दिवशी ओळखीच्या गाडीमालकासोबत फेरीला जा, परतीचे भाडे कुठे लागते आणि कोण देते ते पाहा. वाळूज आणि नाशिकच्या अंबड-सातपूर भागातून पुणे-चाकणकडे माल पाठवणारे कोण आहेत याची यादी करा, कारण तुमचा खरा नफा परतीच्या डाल्यात आहे. तुमच्या कंपनीशी संबंध नसलेल्या जॉबवर्कवाल्यांना भेटा आणि विचारा की रोजची फेरी आज कोण करते, किती दर आहे, तक्रार काय आहे. दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम, १७,४०० रुपये, वेगळ्या खात्यात टाका. हे जमले तर शिल्लक वाढेल आणि हप्ता झेपतो हे सिद्ध होईल; घरखर्चातून ते निघतच नसेल, तर तेही आत्ताच कळलेले बरे.

या काळात किमान तीन ग्राहकांनी लेखी दर दिले, त्यांतल्या दोघांचे काम रोजचे किंवा ठरलेल्या दिवसांचे असले, आणि डाऊन पेमेंट वगळून तीन लाख हाताशी राहिले, तर गाडी घ्या, आणि मनात शंका न ठेवता घ्या. पहिली गाडी नवीच हवी असे नाही. तीन-चार वर्षे वापरलेली, एका हातात चाललेली पिकअप हप्ता बराच खाली आणते. ती घेताना बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहेत का, पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे, हे परिवहन विभागाच्या ॲपवर पाहा, आणि चासीला वेल्डिंग आहे का हे ओळखीच्या मेकॅनिकला खाली झोपून पाहायला सांगा. कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. अण्णासाहेब पाटील महामंडळासारख्या व्याज परताव्याच्या योजनेत तुम्ही बसत असाल तर अर्ज अवश्य करा. फक्त तिथे व्याज आधी तुम्ही भरता आणि परतावा नंतर येतो, म्हणून तो परतावा मासिक हिशेबात जमेला धरू नका.

एक प्रश्न तुमच्या शेवटच्या वाक्यावरून विचारतो. उद्या कंपनीने दहा हजार पगार वाढवला आणि पद दिले, तर पिकअपचा विचार मनातून जाईल का? जाणार असेल, तर तुमचा खरा प्रश्न नोकरीतला आहे आणि तो वेगळ्या मार्गाने सोडवायला हवा. डिस्पॅचचा नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला चाकण-तळेगावच्या गोदामांत आणि लॉजिस्टिक्स कंपन्यांत मागणी असते. तिथे अर्ज करायला काही खर्च येत नाही. विचार जाणार नसेल, तर हा धंदा तुमचा आहे आणि सहा महिन्यांच्या तयारीने तो कमी होणार नाही. चाकरीबद्दल एवढेच म्हणतो की एका गाडीच्या मालकालाही डिस्पॅचवाल्याचा फोन उचलावाच लागतो. तो फोन कोणाचा आणि किती वाजता उचलायचा हे ठरवण्याची मुभा मिळते, ती रोजच्या बांधलेल्या कामामुळे आणि हातातल्या शिलकीमुळे.

वाळूज, सातपूर किंवा कोल्हापूरहून असाच विचार करणाऱ्या वाचकांनीही वरचाच हिशेब आपल्या मार्गाचे आकडे घालून मांडावा : गाडी उभी असतानाचा मासिक खर्च, एका फेरीत खरोखर उरणारी रक्कम, आणि पहिले बिल येईपर्यंत लागणारी रोकड. शेती किंवा दुधाच्या कामासाठी घरात आधीच पिकअप असणाऱ्यांचे गणित निराळे आणि सोपे आहे, कारण त्यांच्यावर हप्त्याचा भार नसतो. त्यांनी फक्त विमा भाड्याच्या वापराचा आहे ना आणि पिवळी पाटी आहे ना, एवढे आधी पाहावे.

तुमच्यासाठी शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. राजीनामा द्यायची वेळ आली तर त्याआधी कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतःच्या नावाने सुरू करा; कंपनीचे संरक्षण नोकरीबरोबर संपते आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्याने ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे, तिचा अर्ज बाहेर पडतानाच द्या आणि ती रक्कम डिझेलच्या खात्यात ठेवा. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नका, गाडीचे दोन हप्ते थकले तरीही.